ओठ हलले की झालं

सुकुमार चौगुल्यांच्या सिनेमांवर जे काही थोडंफार छापून आलं, त्या सगळ्यात एक वाक्य हटकून असायचं: चेहरे जिवंत आहेत, आवाज मात्र मेलेले. चौगुल्यांना ते वाक्य लागायचं. पण खोटं म्हणता यायचं नाही.

इचलकरंजीत सिनेमा काढायचा म्हणजे यंत्रमागांच्या खडखडाटात काढायचा. चौगुले शाळेत चित्रकला शिकवायचे. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुणाचा तरी कॅमेरा मागून आणायचा आणि चित्रीकरण उरकायचं, ही त्यांची रीत. कॅमेऱ्याचा माईक मोडलेला असायचा, आणि नसला तरी त्यात माग सोडून दुसरं काही येत नसे. म्हणून ते आवाज घेतच नसत. नटमंडळी सगळी घरची नाहीतर गल्लीतली. त्यांना संवाद पाठ होत नसत. चौगुले कॅमेऱ्यामागून ओरडून सांगायचे, "काहीही बोला! ओठ हलले की झालं! शब्द मागनं भरू!"

मग दोन-तीन महिन्यांनी घरातल्या लाकडी कपाटाला आतून गोधड्या लावायच्या, एकेकाला त्यात उभं करायचं आणि खरे संवाद बोलून घ्यायचे. कपाटात माणूस घामानं निथळायचा आणि लवकर सुटका व्हावी म्हणून भराभर बोलायचा. आवाज मेलेला येणार नाहीतर काय?

असे सहा सिनेमे झाले. त्यातला एकच लोकांच्या लक्षात राहिला, 'आडवा धागा'. आणि त्यातलंही खरं म्हणजे एकच दृश्य. कारखाना बंद पडलेला माणूस कामासाठी सुरतेला निघतो. त्याची बायको बंद मागाच्या पलीकडे उभी राहून त्याचा निरोप घेते. मागावर ताणा तसाच चढवलेला आहे, उभ्या धाग्यांचा तो पांढरा पडदा आपल्या आणि तिच्या मध्ये. ती कॅमेऱ्याकडे बघते, पण अगदी कॅमेऱ्यात नाही. नजर किंचित खाली, काचेच्या खाली कुठंतरी. आणि त्या नजरेनं ती जवळजवळ मिनिटभर बोलते. "जावा तुम्ही. हितलं मी बघते. पोरीची काळजी करू नका..."

त्या नजरेवर लोकांनी परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले. नवऱ्याच्या डोळ्यांत बघायचं धाडस नसलेली नजर, असं एकानं म्हटलं. चौगुल्यांनी ती नजर सांगितलेली नव्हती. कौतुक मात्र त्यांनी मान खाली घालून घेतलं. दृश्यातली बाई म्हणजे त्यांची बायको त्रिशला. दुसरी कोण मिळणार होती?

याला पंचवीस वर्षं होऊन गेली, आणि कंपवाचन आलं.

आवाज म्हणजे हवेचं थरथरणं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. ती थरथर ज्या वस्तूवर आदळते ती वस्तूही थरथरते. झाडाचं पान, चहाचा कप, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं. ही हालचाल इतकी बारीक की डोळ्याला दिसणं शक्य नाही. पण चित्रात तिची खूण राहते. वस्तूची कड कणभर गडद होते, कणभर फिकी होते. अडचण होती ती वेगाची. बोलताना हवा सेकंदाला शेकडो वेळा थरथरते आणि साधा कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं घेतो. पंचवीस चित्रांत शेकडो हेलकावे मावणार कसे?

उत्तर सापडलं ते स्वस्त कॅमेऱ्याच्या एका दोषात. असा कॅमेरा सगळं चित्र एकदम टिपत नाही. आपण पान वाचतो तसा तो वरून खाली ओळीओळीनं टिपतो. धावत्या गाडीतून काढलेल्या चित्रात विजेचे खांब तिरके येतात ते यामुळेच. एकेका चित्रात हजारभर ओळी, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा किंचित उशिराची. म्हणजे सेकंदाला पंचवीस क्षण नव्हेत, पंचवीस हजार. हरवलेला आवाज त्या ओळींत पडून होता. तो वाचायला शिकलेली यंत्रं आली आणि जुनी मुकी चित्रं बोलायला लागली. महागडे कॅमेरे सगळं चित्र एका क्षणात टिपायचे, त्यामुळे श्रीमंतांची मुकी चित्रं मुकीच राहिली. बोलली ती गरिबाघरची.

लोक त्याला 'कान लावणं' म्हणू लागले. पहिल्यांदा गंमत वाटली. लग्नांच्या जुन्या व्हिडिओंवर गाणी चढवलेली असत, खालचं बोलणं पुसलेलं. लोक हौसेनं ते व्हिडिओ घेऊन कान लावून आणायला धावले. चौगुल्यांच्या गल्लीतल्याच एका जोडप्यानं आणला. सगळं घर जमवून लावला. मंगलाष्टका चालू आहेत, आणि मांडवाच्या झालरीवरून उचललेला नवरदेवाच्या आईचा आवाज स्वच्छ म्हणतोय, "फिटंच्या गोळ्या त्याच्या वरच्या खिशात हाईत. अक्षता पडूस्तोवर कुणाला कळाय नको." नवरी पन्नाशीची झाली होती. ती तशीच उठून आत गेली म्हणतात.

अशी प्रकरणं गावोगाव झाली तेव्हा कायदा आला. ज्याचा आवाज, त्यानं तो आधी ऐकायचा, आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही.

कोल्हापूरच्या एका चित्रपट मंडळानं 'आडवा धागा' पुन्हा दाखवायचं ठरवलं, तेव्हा चौगुल्यांच्या मनानं उचल खाल्ली. त्या दृश्याचा खरा आवाज काढायचा. कपाटातला नव्हे, त्या दिवसाचा, मागापाशी उभ्या असलेल्या त्रिशलाचा. तिला आधी सांगायचं नाही, पडद्यावरच ऐकवायचा. ते आपल्या जुन्या मित्राला, पारिस मगदूमला घेऊन कोल्हापूरला गेले. सिनेमात सुरतेला जाणारा नवरा हा पारिसच.

कंपवाचनाचं केंद्र गिरिजा ऐनापुरे नावाची बाई चालवत होती. बाई कामाची होती, पण नियमाला धरून.

"आधी चौगुलेबाईंनी ऐकायला हवं, सर."

"अहो, शब्द माझेच आहेत," चौगुले संकोचून म्हणाले. "मीच लिहिलेत. त्यात नवं काय निघणार? तिला जरा चकित करायचंय, एवढंच."

गिरिजाबाईंनी क्षणभर विचार केला. म्हातारा मास्तर, हातात पिशवी, पिशवीत स्वतःचा सिनेमा. त्यांनी मान हलवली. तिथंच चुकलं.

"खरं सांगू का सर, असा माईक मी आजवर बघितला नाही," यंत्राचं काम होताच त्या पडद्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "हा ताणा. हजारो धागे, सगळे तारेसारखे ताणलेले, आणि चित्रात नेमके उभे. बाई त्यांच्यामागं उभ्या राहून बोलल्यात. शेजारच्या मागांचा खडखडाट एका ठेक्यातला आहे, तो वजा करायला काहीच लागलं नाही. आधी मगदूमकाकांचं लावते."

पडद्यावर तरुण पारिस आला. गळ्यात पंचा, डोळ्यांत पाणी, ओठ थरथरतायत. आणि त्याच्या तोंडून हुंदक्यांत आवाज आला, "कबनूर... हातकणंगले... अतिग्रे... चोकाक... हेर्ले..."

पारिस खुर्चीतून पडायचाच बाकी राहिला. "आयला! ष्टँडवरची पाटी म्हणतोय की मी! लेका सुकुमार, रडत रडत कोल्हापूरला पोचवला बघ तुला!"

"संवाद एक पाठ केला नाहीस आयुष्यात."

"तूच म्हणायचास, ओठ हलले की झालं!"

गिरिजाबाईही हसत होत्या. हसता हसताच त्यांनी पुढचं दृश्य लावलं.

ताणा. ताण्यामागं त्रिशला. ती खाली बघणारी नजर. ओठ हलले.

"सुकुमार."

चौगुले दचकले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्रिशलानं त्यांना कधी नावानं हाक मारली नव्हती. 'अहो'च्या पुढं ती गेली नव्हती.

"सुकुमार, तुला ऐकू येत नाही ते बरंय. उद्या सकाळच्या गाडीनं मी पद्मजाला घेऊन सांगलीला जाणार. दादाला कळवलंय. परत येणार नाही. पोर रात्रभर तापानं फणफणलीय, आणि तू मला पावडर फासून इथं उभी केलीस. सुटकेस भरून झालीय. ती बघ, तुझ्या कॅमेऱ्याखाली आहे. ताणा दिसायला उंची कमी पडली म्हणून तूच घरातनं उचलून आणून स्टुलावर ठेवलीस. जड आहे गं, म्हणालास. आत काय आहे विचारलं नाहीस. मी रागावून जात नाही. मी तुला चौकटीत तेवढी दिसते. चौकटीबाहेर आले की दिसत नाही. माझ्यानं आता होत नाही. जाते मी."

आवाज शांत होता. बाजाराला जाऊन येते म्हणावं तसा. ओठ मिटले, नजर सुटकेसवर तशीच राहिली. आणि मग धाग्यांनी आणखी एक आवाज पकडलेला होता, जवळचा, पुरुषाचा, आनंदानं ओरडणारा. चौगुल्यांना तो ओळखायला वेळ लागला.

"कट! झकास! वा गं वा! काय नजर दिलीस!"

पारिस उठला. "मी जरा... चहा बघतो," म्हणाला आणि दार ओढून बाहेर गेला.

चौगुल्यांच्या मांडीवर पिशवी होती. ती त्यांनी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"यंत्र चुकतं ना कधी?"

"शब्द एखादा चुकतो, सर. एवढं सगळं नाही चुकत. आणि ते ओठांशी ताडूनच शब्द काढतं." गिरिजाबाईंचा चेहराही उतरला होता. "मी ऐकवायला नको होतं. मला क्षमा करा."

"मग आता?"

"एक करता येईल. बाईंचा हाच आवाज घेऊन त्यात तुमचे मूळ संवाद बसवते. ओठांशी थोडं जुळवावं लागेल. कुणाला शंका यायची नाही."

"बसवा," चौगुले म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"त्यालाही बाईंची परवानगी लागेल, सर."

घरी आले तेव्हा त्रिशलाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ बसून खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होत्या. पद्मजा केव्हाच नोकरीला बंगळूरला गेली होती. घरात दोघंच.

"तोंड असं का? गाडी लागली का तुम्हाला?"

"नाही." चौगुले खुर्चीत बसले. "तुझ्या त्या दृश्याला कान लावून घेतला. सुरतेच्या."

बत्ता थांबला. "मग?"

"आवाज धड निघाला नाही. मागांचा फार गोंधळ आहे. कागदावरचेच संवाद तुझ्या आवाजात बसवू, म्हणते ती बाई. तू हो म्हटलंस की झालं."

त्रिशलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "निघाला नाही?"

"नाही."

"अहो, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. म्हणून तर कधी नट झाला नाहीत."

चौगुल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग एकदम विचारलं, "सुटकेसमध्ये काय होतं?"

बाहेर कुणाचा तरी माग चालू झाला.

"चार साड्या," त्रिशलाबाई म्हणाल्या. "पद्मजाचे फ्रॉक. तिच्या तापाची बाटली. आईनं दिलेला तांब्या. तेवढंच माझं वाटत होतं या घरात."

"मग गेली का नाहीस?"

"दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तुम्हीच उठून बसलात. शेवटच्या बाजूला फोकस गेलाय, जवळनं परत घ्यायला पाहिजे, म्हणालात. गल्लीतली माणसं एवढी राबलेली. म्हटलं, अर्धवट टाकून जायला नको. हे झालं की जाऊ. मग ते कपाट आलं. कपाटातनं बाहेर येते तर तुम्ही पुढचा सिनेमा लिहायला घेतलेला."

"म्हणजे तू सिनेमासाठी थांबलीस?"

"थांबले कुठं? जायचं राहून गेलं."

उन्हात घातलेले पापड काढायचे राहून गेले म्हणावं, तसं त्या म्हणाल्या. चौगुल्यांना यंत्रानं दिला त्याहून मोठा धक्का या वाक्यानं बसला. रडली असती, ओरडली असती, तर त्यांना काहीतरी म्हणता आलं असतं.

"पण नंतर... नंतर बरं चाललं होतं ना आपलं?"

"वाईट नव्हतं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "तुम्ही वाईट नाही." आणि बत्ता उचलला. "मला ऐकायचंय ते. उद्या घेऊन चला."

दुसऱ्या दिवशी गिरिजाबाईंनी त्यांना आतल्या खोलीत एकटं बसवलं आणि दार लावून घेतलं. दाराला काच होती. चौगुले बाहेर उभे. काचेतून त्यांना त्रिशलाची पाठ दिसत होती, पिकलेला अंबाडा, आणि तिच्यापलीकडे पडद्यावर तीच, काळ्याभोर केसांची. चित्र संपलं. त्रिशलाबाईंनी हातानं खूण करून पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा एकदा.

बाहेर आल्या तेव्हा डोळे कोरडे होते, पण चेहरा ओळखू येऊ नये असा झाला होता. घरात आपल्याला ठाऊक नसलेलं माणूस इतके दिवस राहत होतं असं अवचित कळावं, तसा.

"मला वाटायचं, हे मी मनातल्या मनात म्हणाले होते," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून ते कळत नव्हतं. "पुढं पुढं तर वाटायला लागलं, तसं काही नव्हतंच. वैतागलेल्या बाईला येतं मनात कधीतरी. पण ही वैतागलेली नाही हो. किती शांत बोलते. आपल्या पद्मजाहून लहान आहे आणि सगळं ठरवून उभी आहे." त्यांनी काचेकडे बोट केलं. "आणि मी हिला गप्प बसवलं. तुम्ही नाही. तुम्हाला तर ऐकूच गेलं नव्हतं. मी बसवलं."

गिरिजाबाईंनी हळूच विचारलं, "मूळ संवाद बसवू ना मग?"

"एक अक्षर बदलायचं नाही. आहे तसं दाखवा."

"त्रिशला," चौगुले म्हणाले, "अगं, माणसं असतील समोर."

"तुमचं नाव खराब होईल?"

"तसं नाही..." ते थांबले. "हो. होईल."

"होऊ द्या," त्रिशलाबाई म्हणाल्या. त्यात टोचून बोलणं नव्हतं. त्यांचं लक्ष अजून काचेच्या दाराकडे होतं.

परतीच्या गाडीत दोघं शेजारी बसले होते. हातकणंगल्याला चौगुल्यांनी त्यांना पाण्याची बाटली दिली. त्यांनी घेतली, प्यायल्या, परत दिली. काय विचारायचं ते चौगुल्यांना कळत होतं, पण विचारलं की उत्तर मिळणार होतं.

सिनेमा रविवारी दुपारी होता. सभागृह अर्ध्याहून जास्त भरलं होतं, बहुतेक कॉलेजची मुलं. चौगुले पहिल्या रांगेत कडेला बसले. पारिस मागच्या रांगेत. कपाटातले आवाज ऐकून मुलं अधूनमधून हसत होती. कबनूर-हातकणंगलेचा खरा आवाजही पारिसनं हट्टानं ठेवायला लावला होता. त्यावर तर टाळ्याच पडल्या.

मग ताणा आला, आणि धाग्यांमागच्या त्या मुलीनं चौगुल्यांना नावानं हाक मारली.

एवढ्या मोठ्या पडद्यावर, एवढ्या लोकांत, ते वेगळंच ऐकू आलं. खोलीत ऐकताना चौगुल्यांना ते आपल्याविरुद्धचं बोलणं वाटलं होतं. इथं तसं वाटेना. ती कुणाविरुद्ध बोलत नव्हती. ती स्वतःबद्दल सांगत होती, आणि सांगायला तिला एक बंद कान तेवढा मिळाला होता. हसणारी मुलं गप्प झाली होती. "कट! झकास!" आलं तेव्हा कुणीतरी अंधारात "अरे देवा" म्हणालं.

दिवे लागले. टाळ्या वाजायला फार उशीर झाला, आणि वाजल्या त्या थांबेनात. मंडळाच्या माणसानं चौगुल्यांच्या हातात माईक दिला. मधल्या रांगेतली एक मुलगी उठली.

"सर, हा संवाद... निरोपाच्या प्रसंगात नायिका दिग्दर्शकालाच सोडून जाते म्हणते. आणि दिग्दर्शक खूश होऊन कट म्हणतो! पंचवीस वर्षांपूर्वी हे तुम्हाला कसं सुचलं? कसं लिहिलंत?"

सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. असं कौतुकानं त्यांच्याकडे आयुष्यात कुणी बघितलं नव्हतं. नजरेचं श्रेय त्यांनी घेतलं होतंच. हेही घेता आलं असतं. नुसती मान खाली घातली की झालं असतं.

"मी लिहिला नाही," चौगुले म्हणाले. माईक तोंडापासून लांब होता, मंडळाच्या माणसानं तो जवळ सरकवला. "मी लिहिला नाही. मी तिथं समोर उभा होतो. मी ऐकलासुद्धा नव्हता. परवा परवा ऐकला."

कुजबुज झाली. मुलगी उभीच होती. तिला कळलं होतं आणि कळायला नको होतं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"म्हणजे ते खरं होतं? बाई खरंच..."

"हो."

"मग त्या गेल्या का, सर?"

पारिसनं मागच्या रांगेत मान खाली घातली. चौगुल्यांनी माईक दुसऱ्या हातात घेतला.

"गेली," ते म्हणाले. "या गुरुवारी."